पहाटेची पोटदुखी आणि फोनमधली एकसष्टावी स्लाइड

हे प्रकरण एका बाईच्या पोटदुखीचं आहे, आणि त्याहून जास्त आमच्या महिन्याच्या ‘शिक्षण दिवसा’चं. तळकोकणातल्या ट्रस्टच्या एका शंभरेक खाटांच्या रुग्णालयात मी फिजिशियन आहे आणि फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाची जबाबदारी माझ्याकडं आहे. रुग्ण, डॉक्टर, गाव ओळखू येईल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घडलं त्या क्रमानेच लिहितो, कारण चूक कुठं झाली ते त्या क्रमातच दिसतं.

आधीची व्यवस्था

फॅमिली मेडिसिनचं डीएनबी तीन वर्षांचं. मुलं मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, सर्जरी, कॅज्युअल्टी अशी फिरतात, लॉगबुक भरतात, प्रबंध लिहितात. गावात मात्र या शिक्षणाला अजून नाव नाही. ओपीडीत एक आजोबा आमच्या मुलीला विचारत होते, “तुम्ही कशाचे स्पेशालिस्ट?” ती म्हणाली, “फॅमिली मेडिसिन.” आजोबा मायेने म्हणाले, “म्हणजे अजून शिकतास. शिका, शिका.”

शिक्षण दिवसाला आम्ही आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या बंधपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही बोलावतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेली ही मुलं वर्षभराच्या बंधपत्रावर इथं येतात. कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, कुणी मुंबईचं. कागदोपत्री ती आमची विद्यार्थी नाहीत, पण पाठवलेला रुग्ण शेवटी आमच्याच दारात उतरतो, तेव्हा बोलावण्यात आमचाही स्वार्थ आहे.

दिवस ठरवणं ही एक कसरतच. ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर मातांची तपासणी असते, म्हणून तो दिवस बाद. महिनाअखेर अहवालांची. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडीत उभं राहायला जागा नसते. उरतो तिसरा शुक्रवार. त्या दिवशीही केंद्रावरचे दुसरे डॉक्टर रजेवर असले की आमचा माणूस येत नाही. त्याला दोष कोण देणार?

दिवसाचा साचा ठरलेला होता. हॉलमध्ये बॅनर, पुष्पगुच्छ, कोल्हापूरहून किंवा गोव्याहून आलेले पाहुणे तज्ज्ञ, सत्तर-ऐंशी स्लाइड. एकच्या सुमाराला पाहुणे घड्याळ बघायला लागायचे, कारण अंधार पडायच्या आत घाट चढायचा असायचा. मग जेवण, आणि ‘कार्यक्रम कसा वाटला’ या फॉर्मवर सगळ्यांची एकमताने ‘उत्कृष्ट’वर खूण. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळं सहीचा कागद फिरला की हॉलमधली सगळ्यात मोठी हालचाल व्हायची. मी हे तिऱ्हाइतासारखं सांगत नाही. बॅनरवर ‘समन्वयक’ म्हणून नाव माझंच असायचं आणि बरं वाटायचं.

त्या वर्षी जूनचा विषय होता सर्पदंश. पाहुणे अनुभवी होते, व्याख्यान चांगलं झालं. पहिल्या दहा स्लाइड आकड्यांच्या होत्या: २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातले जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये, हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेला कृती आराखडा. मग नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मग प्रतिविष, त्याच्या रिअ‍ॅक्शन, व्हेंटिलेटर. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी झाली. दुसऱ्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरला दहापैकी दहा मिळाले. इथून पुढं त्याला ‘डॉक्टर क’ म्हणतो.

ती पहाट

तीन आठवड्यांनी, जुलैत, भातलावणीच्या ऐन दिवसांत, पहाटे पावणेपाचला रिक्षातून एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, सोबत नवरा. पोटात दुखत होतं, वाटेत एकदा उलटी झाली होती. कॅज्युअल्टीत डॉक्टर क होता. नाडी ९६, रक्तदाब ठीक, ताप नाही, पोट मऊ. पाळीची चौकशी झाली, आदल्या रात्रीच्या जेवणाची झाली. आणि त्याने हेही विचारलं, “काही चावलं-बिवलं नाही ना?”

बाई म्हणाली, “नाय.”

केसपेपरवर त्याने लिहिलं, दंशाचा इतिहास नाही. पँटोप्राझोल, उलटीचं इंजेक्शन आणि पोटातल्या कळेसाठी डायसायक्लोमिन देऊन तिला निरीक्षणाखाली ठेवलं. इथपर्यंत मीसुद्धा वेगळं काही केलं असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

सहाच्या सुमाराला तिचा घसा कोरडा पडला. डायसायक्लोमिनने घसा कोरडा पडतोच, आणि डॉक्टर कला ते पाठ होतं. साडेसहाला नवरा काउंटरवर आला: “डाक्टरानु, तिका पाणी गिळूक गावना नाय.” क जाऊन बघून आला. बाई डोळे मिटून पडली होती. रात्रभर जागी आहे, झोप लागली असेल, असं त्याला वाटलं. कोरड्या घशाचं एक कारण हाताशी होतं, त्यात गिळण्याची तक्रारही बसून गेली.

सात वाजता ड्यूटी बदलली. सकाळच्या सिस्टर वीस-बावीस वर्षं याच वॉर्डात आहेत. खाटांवरून फिरताना त्या या बाईपाशी थांबल्या. “वर बघ गो,” म्हणाल्या. बाईने कपाळाला आठ्या घालून भुवया उचलल्या, पापण्या तेवढ्या उचलल्या गेल्या नाहीत. सिस्टरनी साप, विंचू, चावणं यातलं काहीच विचारलं नाही. नवऱ्याकडं वळून एवढंच म्हणाल्या, “ही रात्री निजता खंय?”

“खालीच. जमनीर.”

मला फोन आला सात वाजून दहा मिनिटांनी. मी पोचलो तोवर प्रतिविषाच्या दहा कुप्या काढून झाल्या होत्या. उशीवरून मान उचलायला सांगितली, उचलली गेली नाही. एका दमात आकडे म्हणायला सांगितले, सातपर्यंत गेली आणि थांबली. निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन देऊन पाहिलं, फरक पडला नाही. मण्यारीच्या दंशात तो सहसा पडतच नाही. नागाचं विष स्नायूच्या बाजूची जागा अडवतं, तिथं निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. ते टोक पुन्हा उभं राहायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस रुग्णाचा श्वास आपल्याला चालवावा लागतो. आठच्या सुमाराला भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घातली. तोपर्यंत अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, डॉक्टर कच्याच हातात होती.

अंगावर दंशाची खूण शेवटपर्यंत सापडली नाही. पाच दिवस व्हेंटिलेटर, मग हळूहळू पापण्या उघडल्या, मग मान, मग हात. दहाव्या दिवशी बाई चालत घरी गेली.

प्रतिविष अडीच तास आधी मिळालं असतं तर व्हेंटिलेटर टळला असता का? सांगता येत नाही. एकदा लुळेपण सुरू झालं की मण्यारीच्या बाबतीत प्रतिविष ते मागं फिरवत नाही. पण एवढं नक्की, की त्या अडीच तासांत ती घरी पाठवण्याजोगी रुग्ण समजली गेली होती. सातला सिस्टर त्या खाटेपाशी थांबल्या नसत्या तर सकाळच्या राउंडनंतर डिस्चार्ज कार्ड तयार झालं असतं.

फोनमधला फोटो

बाई आली त्याच दिवशी दुपारी मी डॉक्टर कला चहाला घेऊन गेलो. रागावण्यासारखं काही नव्हतं आणि तो आधीच खचला होता. मी विचारलं, मण्यारीबद्दल जूनमध्ये काय ऐकलंस आठवतं का? त्याने बोलण्याऐवजी फोन काढला, गॅलरीत थोडं मागं गेला आणि माझ्यापुढं धरला. एकसष्टाव्या स्लाइडचा फोटो. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: रात्री जमिनीवर झोपलेला रुग्ण, पहाटे पोटदुखी आणि उलटी, घसा दुखणं, दंशाची खूण बहुधा नाही, नंतर पापण्या जड.

“सर, हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “पण ती पोटदुखीची पेशंट होती.”

त्या दिवसापासून मी शिक्षण दिवसाबद्दल जे काही ठरवलं त्याच्या मुळाशी हे दुसरं वाक्य आहे. त्याच्या डोक्यात सर्पदंशाचा कप्पा भरलेला होता, पण तो कप्पा ‘साप चावला’ असं कुणी म्हटलं तरच उघडायचा. बाई आली ती पोटदुखीच्या कप्प्यातून. तिथं आम्लपित्त, खडे, अपेंडिक्स, पाळी होती, मण्यार नव्हती. आम्ही रोगाच्या नावाने शिकवत होतो आणि रुग्ण तक्रारीच्या नावाने येत होते. मोठ्या शहरातल्या एखाद्या विभागात ही फट फारशी जाणवत नाही, कारण तिथं रुग्ण चाळणीतून चाळून पुढं आलेला असतो. फॅमिली डॉक्टर हीच ती चाळणी. त्याच्यापुढं रोग कधीच नाव सांगून बसत नाही.

आणखी एक गोष्ट टोचली. “काही चावलं का?” हा प्रश्न पुस्तकी दृष्टीने बरोबर होता. पण झोपेत, न दुखता चावलेल्या सापाबद्दल हा प्रश्न विचारणं म्हणजे रुग्णाला जे कळणंच शक्य नाही ते विचारणं. तिने खरं उत्तर दिलं, आणि त्या खऱ्या उत्तराने आमचा रस्ता बंद झाला. सिस्टरचा प्रश्न असा होता की त्याचं उत्तर नवऱ्यालाही देता आलं. जूनच्या व्याख्यानाला त्या सिस्टर नव्हत्या. नर्सेसना आम्ही बोलावतच नव्हतो.

व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. “सर्पदंशावर पुन्हा एक व्याख्यान ठेवा, हजेरी सक्तीची करा.” मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पाहुण्यांच्या फोन नंबरापर्यंत बोट गेलं होतं.

ऑगस्टचा शुक्रवार

ऑगस्टच्या दिवसाचं शीर्षक होतं ‘पहाटे पोटात दुखतं’. बॅनर केला नाही, त्यामुळं पुष्पगुच्छही आला नाही. (फुलवाल्याने दोनदा फोन केला.) प्रोजेक्टर जेवणापर्यंत बंद. वॉर्डातल्या चार सिस्टर आणि कॅज्युअल्टीचे मामा (वॉर्डबॉय) येऊन बसले. सुरुवातीला सगळे अवघडले होते, कारण खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि मागची रांग नावाची सोयच उरली नव्हती.

आदल्या आठवड्यात प्रत्येक निवासी डॉक्टरला कॅज्युअल्टी रजिस्टरची काही पानं वाटून दिली होती. मागच्या वर्षभरात पहाटे तीन ते सात या वेळात पोटदुखी घेऊन आलेले सगळे रुग्ण शोधायचे आणि पुढं काय झालं ते काढायचं. इथं पहिलाच धडा रजिस्टरने दिला. त्यात ‘पुढं काय झालं’ असा रकानाच नाही. नाव, वय, गाव, तक्रार, उपचार, सही, संपलं. मुलांनी फोन लावले. बऱ्याच ठिकाणी उत्तर आलं, “बरां वाटला मगे.” एकाला कोल्हापुरात स्वादुपिंडाची सूज निघाली होती. आमच्याच वॉर्डात दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्या एका मुलीच्या पोटदुखीमागं मधुमेहामुळं रक्तात वाढलेली आम्लता होती आणि पहाटे तिची साखर कुणी तपासली नव्हती. एका गृहस्थाने गोव्यात हृदयाची अँजिओप्लास्टी करून घेतली होती. तो आमच्याकडून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन गेला होता, ईसीजी न काढता.

हे मी सांगितलं असतं तर मुलांनी लिहून घेतलं असतं. स्वतः फोन लावून ऐकल्यावर कुणाच्या हातात पेन नव्हतं.

मग फळ्यावर आम्ही रोगांची नावं न लिहिता प्रश्न लिहीत गेलो. पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला कुठले प्रश्न विचारायचे, जे त्याला किंवा त्याच्या माणसांना उत्तरता येतील? रात्री झोपलात कुठं? मच्छरदाणी होती का? उठल्यावर डोळे जड वाटले का? आवाज बदललाय का, घरच्यांना काय वाटतं? एका मुलीने सुचवलं, घोटभर पाणी पाजून बघावं. सिस्टर लगेच म्हणाल्या, नको, गिळता येत नसेल तर ते छातीत जाईल. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि फळ्यावर आलं: वर बघायला सांगा आणि एक मिनिट तसंच बघत राहू द्या. मान उचलायला सांगा. एका दमात आकडे म्हणायला सांगा. चाळिशीच्या पुढं ईसीजी. साखर सगळ्यांची.

यातलं एकही पुस्तकाबाहेरचं नाही. फक्त पुस्तकात ते पाच वेगवेगळ्या प्रकरणांत आहे आणि आमच्या फळ्यावर एका दाराशी.

काचेची नळी

सप्टेंबरचं वाक्य एका आरोग्य केंद्रावरच्या मुलाने आणलं: “पायाला काहीतरी चावलं, सुजलंय.” आमच्या सड्यांवर, कातळावर फुरसं भरपूर. दगड उचलताना, गवत कापताना हाताला नाहीतर पायाला डसतं. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. त्या मुलाची तक्रार अशी की रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी त्याच्या केंद्रावर जवळजवळ दर वेळी ‘गोठत नाही’ असंच सांगते. मग तो १०८ बोलावून रुग्ण आमच्याकडं पाठवतो. आणि आमच्याकडं त्यातल्या काहींचं रक्त व्यवस्थित गोठलेलं निघतं.

चाचणी साधी आहे. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, २० मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं आणि मग एकदाच तिरकं करून बघायचं. मी त्याला विचारलं, नळी कुठली वापरतोस? त्याने खिशातून काढून दाखवली. प्लॅस्टिकची.

जेवण पुढं ढकललं. सिस्टरनी तीन नळ्या मांडल्या: एक नवी काचेची, एक काचेचीच पण साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलेली, आणि तिसरी त्याची प्लॅस्टिकची. त्याने स्वतःचाच दंड पुढं केला. तिन्हीत दोन-दोन मिली. फोनवर २० मिनिटांचा गजर लावला आणि सगळे गप्पा मारायचं नाटक करत नळ्यांकडं बघत बसले. एकाने नळी हलवून बघायला हात पुढं केला तर मामांनी त्याच्या हातावर चापट मारली.

गजर वाजला. नव्या काचेतलं रक्त तिरकं केल्यावर जागचं हललं नाही, जेलीसारखं घट्ट. धुतलेल्या नळीत तळाशी गुठळी, वर पातळ. प्लॅस्टिकच्या नळीतलं रक्त ओघळलं, म्हणजे निरोगी माणसाचं रक्त सर्पदंश झाल्यासारखं. काचेचा पृष्ठभाग गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक जागा करतो. प्लॅस्टिक ते काम तसं करत नाही, आणि साबणाचा पातळ थर काचेलाही निकामी करतो. मुलगा नळीकडं बघत म्हणाला, “मग मी ज्यांना प्रतिविष चालू करून पाठवलं…” आणि वाक्य पुरं केलं नाही. प्रतिविष हे काही सलाइन नव्हे. घोड्याच्या रक्तातून ते तयार होतं, त्याने जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवल्याशिवाय ते सुरू करू नये.

त्याच दुपारी फार्मासिस्टने रजिस्टरला नोंद करून मुदत संपलेल्या प्रतिविषाच्या काही कुप्या सरावासाठी दिल्या. भुकटीच्या प्रत्येक कुपीत १० मिली पाणी घालून ती अलगद फिरवायची. घाईने हलवली तर फेस होतो आणि मग त्या फेसाकडं बघत बसावं लागतं. कागदावर ‘दहा कुप्या द्या’ ही तीन शब्दांची ओळ आहे. एकट्या माणसाला त्या दहा विरघळवायला किती वेळ लागतो हे हाताने करून पाहिल्यावरच कळलं. तेव्हापासून कॅज्युअल्टीत ते काम दोघांनी वाटून घेतात.

तीन वाजता कुणीतरी हिंमतराव बाविस्करांची आठवण काढली. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेला एक तरुण डॉक्टर विंचवाने मरणारी माणसं रात्रभर शेजारी बसून बघतो, मृत्यू फुप्फुसात पाणी भरून होतो हे टिपतो, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघतो आणि त्याची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून येतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आमच्या मुलांना त्यांचं नाव परीक्षेतल्या उत्तरासारखं ठाऊक होतं. ते ज्या नोकरीत होते तीच नोकरी आपण करतोय, हे मात्र त्या दिवशी एका मुलाने मोठ्याने म्हटल्यावर बाकीच्यांच्या ध्यानात आलं.

कुठं अडखळलो

डिसेंबरपर्यंत सगळं छान चाललं असं लिहिता आलं असतं. नोव्हेंबरमध्ये गाडी रुळावरून घसरली. एका निवासी डॉक्टरने तापाच्या रुग्णाचं प्रकरण आणलं. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) निदान उशिरा झालं होतं. चर्चेत आमच्याच एका वरिष्ठ सहकाऱ्याने उलटतपासणी सुरू केली. पोटऱ्या दाबून का नाही बघितल्या, डोळे लाल होते ते दिसलं नाही का, डॉक्सिसायक्लिन पहिल्या दिवशी का नाही. प्रश्न सगळे रास्त होते. सूर कोर्टातला होता. मी मध्ये पडलो नाही, आणि ती चूक माझी. पुढच्या महिन्यात मुलांनी आणलेली प्रकरणं एकजात गोड निघाली. वेळेत निदान, अचूक उपचार, रुग्ण बरा. दोन तासांत कुणीच काही शिकलं नाही.

जानेवारीत मी नियम केला की पहिलं चुकलेलं प्रकरण हॉलमधल्या सगळ्यात जुन्या डॉक्टरने मांडायचं. म्हणजे मी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका दुकानदाराला पोटात जळजळतंय म्हणून अँटासिड देऊन घरी पाठवलं होतं. दुपारी त्याचा मुलगा निरोप घेऊन आला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. त्याच्या दुकानावरून मी अजूनही रस्ता बदलून जातो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. मग तो वरिष्ठ सहकारी खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “माझंही एक आहे.”

फेब्रुवारीचं वाक्य ‘ताप आहे, अंग मोडून येतं’ असं होतं. काजूचा हंगाम असल्यामुळं त्यात माकडतापही आला, म्हणजे गोचिडांतून पसरणारा, जंगलातली माकडंही ज्याने मरतात तो विषाणूचा ताप. दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून तो माहीत आहे, पण अकोल्याच्या मुलाने नावसुद्धा ऐकलं नव्हतं. त्या चर्चेतून तिथल्या आशाताईंना विचारायचा प्रश्न निघाला: बागेत माकड मेलेलं दिसलं का? आम्ही तो फळ्यावर ‘रात्री झोपलात कुठं’च्या खाली लिहिला. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा) काळा खपला शोधायचा, हे त्याच्याही खाली.

न सुटलेलं पुष्कळ आहे. या नव्या पद्धतीच्या दिवसाला आम्ही क्रेडिट पॉइंट मागितलेच नाहीत. तज्ज्ञाचं नाव आणि व्याख्यानाचं शीर्षक अर्जात काय लिहायचं हेच कळेना. त्यामुळं पॉइंटसाठी वर्षातून दोनदा बॅनरवाला दिवस अजून होतो, फुलवालाही खूश आहे. आरोग्य केंद्रांवरून येणारी मुलं भातलावणीच्या दोन महिन्यांत निम्म्यावर येतात, आणि नेमके तेच महिने सापांचे. त्यांच्या जागी दिवसभर कोण बसणार याचं उत्तर ना आमच्याकडं आहे ना वरच्या कार्यालयाकडं. दोन वेळा आम्हीच केंद्रावर गेलो. तिथल्या ओपीडीच्या बाकांवर बसून दिवस झाला. मध्येच बाळंतपण आलं आणि सगळे तिकडं गेले.

डॉक्टर क तिसऱ्या वर्षात आहे. एकसष्टावी स्लाइड त्याने फोनमधून काढून टाकलीय की ठेवलीय, मी विचारलं नाही. मध्यंतरी पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला होता. पोटदुखीचा रुग्ण, जमिनीवर झोपलेला, पापण्या ठीक, मान उचलतोय, तरी दर अर्ध्या तासाला बघतोय, तुम्ही येऊ नका, फक्त सांगून ठेवतोय. तो खड्याचा रुग्ण निघाला.

काचेच्या नळ्यांचं असं झालं की मागणीपत्रात कुठल्या सदराखाली त्या लिहायच्या यावर भांडारात पंधरा दिवस गेले. शेवटी वर्गणी काढून आम्ही तालुक्याच्या दुकानातून खोकं आणलं आणि येणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या मुलाला मूठभर दिल्या. आमच्या नळ्या कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये, अँबू बॅगच्या शेजारी असतात. त्या डब्यावर सिस्टरनी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय: ‘एकदाच वापरा. धुतल्यात तर माझ्याशी गाठ आहे.’